घाडगेबाईंच्या तोंडावरचा उजेड

घाडगेबाईंशी बोलायला कुणी उभं राहिलं, की बाई आधी त्या माणसाभोवती अर्धी फेरी मारायच्या. मग थांबायच्या, हनुवटी जरा वर करायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला आता." नव्या माणसाला हे विचित्र वाटायचं. सांगलीच्या मंडईतली एक भाजीवाली तर दर वेळी विचारायची, "बाई, मला कसली पदक्षिणा घालताय?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "तुला न्हाई गं बया. उजेडाला घालतीय."

ते खरंच होतं. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा जागी उभं राहायचं, ही सवय त्यांच्या पायांत मुरली होती. खिडकी, दार, बल्ब, सूर्य, जे काही असेल ते बाईंच्या समोर हवं, पाठीशी नको. एप्रिलच्या उन्हातसुद्धा डोळे बारीक करून, घाम पुसत त्या तशाच बोलत राहायच्या.

आमची शाळा बहिऱ्या मुलांची. मी तिथल्या वसतिगृहाची गृहमाता होते. किती ताटं, किती चादरी, कुणाला खरूज झाली, कुणाचे केस कापायचे राहिले, हे माझं काम. शिकवण्यातलं मला काही कळत नव्हतं आणि मी त्यात पडतही नव्हते. पण सहा वर्षं बाईंची खोली माझ्या खोलीला लागून होती. तेव्हा इथे लिहिते ते मी पाहिलेलं आहे.

सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. बहिरं मूल म्हणजे मुकं मूल, असंच गावोगाव धरून चालायचे. आमच्या शाळेत तसं धरत नसत. कान नसले तरी समोरच्याचे ओठ, जीभ, दात बघून शब्द ओळखता येतो. बाईंच्या गळ्याला हात लावून, आरशात बघून, तसंच आपलं तोंड हलवून तो काढताही येतो. ही पद्धत. घाडगेबाई सगळ्यांत लहान मुलांचा वर्ग घ्यायच्या. त्या मुलांच्या लेखी भाषा म्हणजे बाईंचं तोंड. दुसरीकडे कुठे ती त्यांना भेटलेलीच नव्हती. ढग आले की बाई पाट आणि आरसा उचलून व्हरांड्यात यायच्या आणि मला हाक मारायच्या, "आवं मालूताई, वर्गात लाईट गेली!" वर्गातला बल्ब चालूच असायचा. पण तो छताला होता, आणि छताचा बल्ब नाकाची सावली ओठावर पाडतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

बाई मूळच्या म्हसवडच्या. बोलणं त्या भागातलं, ठसकेबाज. वर्गात मात्र त्यांचं बोलणं एकदम बदलायचं. तिथे 'आहे', 'नाही', 'तुम्ही', सगळं पूर्ण आणि सावकाश. दार ओलांडलं की पुन्हा 'हाय' आणि 'न्हाई'. स्वयंपाकाच्या कोंडाबाईंनी एकदा विचारलं, "पोरांम्होरं बामणीण हुता व्हय तुमी?" बाई म्हणाल्या, "तसं न्हाई, कोंडाबाई. 'हाय' म्हणताना तोंड नुसतं उघडतंय. पोरांना काय दिसणार त्यात? 'आहे' म्हटलं की दोनदा हलतंय. जेवढं हलंल तेवढं त्यांच्या पदरात पडतंय."

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि तीन आरसे होते. एवढे आरसे असून केस कायम विस्कटलेले.

बाईंची दुसरी ओळख म्हणजे त्यांची मान. मुलाने शब्द बरोबर काढला, की बाई एकदा, एकदाच, मान खाली-वर करायच्या आणि हसायच्या. शाबासकी नाही, गोळी नाही, पाठ थोपटणं नाही. ती मान मिळवण्यासाठी मुलं अक्षरशः घाम गाळायची. मधल्या सुट्टीतही एखादं पोरगं त्यांच्यासमोर येऊन उभं राहायचं, शब्द काढायचं, मान मिळाली नाही की पुन्हा काढायचं. आणि बरोबर नसेल तर मान हलत नसे. कुणासाठीही नाही.

एकदा एका मुलाचे वडील भेटायला आले. ऊसवाले, जाडजूड मिशा, पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा. मुलाने त्यांच्यासमोर "भा-अरी" असं काहीतरी म्हटलं. सात वर्षांत बापाने त्याच्या तोंडून ऐकलेला तो पहिला शब्द. गडी ढसाढसा रडायला लागला. मुलगा बाईंकडे बघतोय. बाईंची मान हलेना.

"आवं बाई, बोललं की पोरगं!"

"बोललं. 'क' कुठाय?"

"'क' ऱ्हाऊ द्या की! मला समजलं, भाकरी म्हणतंय."

"तुमी बाप हाय, तुमाला समजंल. वाण्याला समजंल का? एसटीच्या कंडक्टरला समजंल का?" बाईंनी मुलाची हनुवटी धरली, आपलं तोंड उजेडाकडे केलं, आ वासून जीभ कुठे लागते ते दाखवलं. वडील रागाने बाहेर जाऊन बसले. पाऊण तासाने आतून "भाकरी" ऐकू आलं, 'क'सकट. मग मान हलली. रात्री बाई मला म्हणाल्या, "खोटी मान दिली की पोरगं तिथंच बसतंय बघा. जन्मभर तिथंच."

सुली याच वर्गातली. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडच्या एका वाडीतून आली होती, सहा वर्षांची. वडील फौजेत, आई अशक्त, सोडायला मामा आला होता. आली तेव्हा ती माणसांना कपडे धरून ओढायची आणि किंचाळायची. तिला काही मागण्याची तेवढीच रीत ठाऊक होती. माझे दोन पदर तिने फाडले. बाई तिला रोज शेजारी घेऊन आरशासमोर बसायच्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमग्याच्या सुमाराला तिने 'आई' म्हटलं आणि तिला मान मिळाली. त्या दिवशी सुलीने तो शब्द सगळ्यांना वाटला. मला म्हटला, कोंडाबाईंना म्हटला, रतीब घालणाऱ्या गवळ्याला आणि त्याच्या म्हशीलाही म्हटला. प्रत्येकापुढे उभी राहून मान हलायची वाट बघायची. आम्ही सगळ्यांनी हलवली. म्हैस तेवढी तशीच उभी राहिली.

पुढच्या वर्षात तिच्याकडे वीसेक शब्द जमले. वर्गात तिच्यासारखी आणखी चार होती. सगळी अशीच, नुकती बोलायला लागलेली.

आणि त्याच वर्षी बाई फक्त उजव्या बाजूने चावून जेवायला लागल्या. आधी कोंडाबाईंच्या लक्षात आलं. मग डावा गाल जरा भरल्यासारखा दिसायला लागला. दात असेल म्हणून बाईंनी लवंग धरली, नंतर मिरजेला दवाखान्यात जाऊन आल्या. त्या दिवशी मी दोरीवर चादरी वाळत घालत होते. बाईंनी दुसरं टोक धरलं आणि म्हणाल्या, "गाठ हाय. डावा जबडा काढायचा म्हणत्यात."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. "आणि मग?"

"जीव ऱ्हाईल म्हणत्यात. तोंड ऱ्हाणार न्हाई." त्यांनी चादर ताणली, सुरकुती काढली. "पाच पोरं अर्ध्यावर हायत, मालूताई."

त्यांना कसली भीती होती ते मला कळत होतं. मे महिन्याच्या सुट्टीवरून मुलं परत यायची तेव्हा निम्मे शब्द घरी विसरून आलेली असायची. ते दीड महिन्यात. इथे तर शाळेला दुसरी शिकलेली बाई जूनशिवाय मिळणार नव्हती, मिळाली तर. वरच्या वर्गाचे दोन गुरुजी होते, पण दोघांनाही भरघोस मिशा. लहान मुलांना त्यांचं काहीच दिसत नसे. बाईंनी एका गुरुजींना मिशी काढायची विनंतीही केली. त्यांनी काढली. पण ते बोलताना ओठ हलवत नसत, हे मिशी गेल्यावर कळलं.

मग बाईंनी विभूते आण्णांना बोलावणं पाठवलं.

आण्णांचा कुपवाडला कारखाना होता, पंपाचे सुटे भाग ओतायचा. शाळेच्या समितीवर होते. अंगाने आडवे, आवाज मोठा, आणि नाद एकच. परदेशातल्या मेव्हण्याने त्यांना एक चावीचा सिनेमा-कॅमेरा आणून दिला होता. त्यावर ते भाच्या-पुतण्यांची लग्नं टिपायचे आणि घरच्या भिंतीवर दाखवायचे. आवाज नसलेली चित्रं. वाजंत्री नुसते गाल फुगवताहेत, भटजी नुसते तोंड हलवताहेत.

"आण्णा, माझा सिनेमा काढायचाय," बाई म्हणाल्या.

"वा! पौराणिक का सामाजिक?"

"तोंडाचा."

आण्णा हसले. मग बाईंनी सगळं सांगितलं. आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "माझ्याकडं एकच रीळ शिल्लक हाय, बाई. तीन-चार मिंटाचं. नवं कवा मिळंल सांगता येत न्हाई."

"पाच पोरांना चार मिंटं लय झाली. रोज दाखवायचं. आवाज न्हाई तर न्हाई, पोरांना कुठं पाहिजे आवाज?"

खरोखर, बिनआवाजाचा सिनेमा आमच्याच शाळेसाठी केल्यासारखा होता. मलाही त्या वेळी ही गोष्ट पार पडेल असं वाटलं.

पहिला प्रयोग कुपवाडला केला. आण्णांनी फोटो स्टुडिओतून दोन मोठे दिवे मागून आणले होते. सुट्टीचा दिवस बघून कारखान्यात एक स्टूल ठेवलं, बाईंना बसवलं, दिवे लावले. रीळ न घालता नुसती तालीम. बाईंनी हातात आरसा धरला आणि स्वतःचं तोंड बघून सूचना द्यायला सुरुवात केली. डावीकडचा खाली घ्या. उजवीकडचा लांब. नाकाची सावली अजून ओठावर आहे. एवढ्यात शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी वेल्डिंग सुरू केलं आणि आमचे दोन्ही दिवे लाल पडले. ते थांबलं की भप्पकन पांढरे. पुन्हा लाल. आण्णा बाहेर जाऊन ओरडून आले, "आरं, सुट्टीचं कशाला जोडतोय रं? हितं शूटिंग चाललंय!" त्याचा उलटा परिणाम झाला. वेल्डिंग थांबलं आणि सायकली भिंतीला लावून पाच-सहा कामगार बघायला दारात उभे राहिले.

"हिरवीण कंची गड्या?" एकाने विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "बसा. पर दारातनं सरका, उजेड अडतोय."

शेवटी फ्यूज उडाला. बाई स्टुलावरून उठल्या आणि म्हणाल्या, "आण्णा, सूर्य बरा. त्याला शेजारी न्हाई."

मग ठरलं, शाळेचा पूर्वेचा व्हरांडा, सकाळी, ऊन तिरपं असताना. पण सरळ ऊन तोंडावर आलं की बाईंचे डोळे मिटायचे आणि तोंडाच्या आत काळोखी गुहा दिसायची. जीभ दिसेना. आण्णांनी उन्हाच्या आड पातळ पांढरं कापड धरायची कल्पना काढली.

"आण्णा, तुमचं एक धोतर आणा उद्या," बाई म्हणाल्या.

"नेसून आणू का हातात?"

"हातात. नेसलेलं मला नगं."

धोतर दोन खांबांना बांधलं. ऊन त्यातून गाळून आलं, मऊ, दुधासारखं. नाकाची सावली गेली. आता तोंडाच्या आत उजेड हवा होता. कोंडाबाईंनी घासून लखलखीत केलेली जेवणाची ताटं आणली, पण ताटाचा उजेड डागाडागांनी पडायचा. मग मी वसतिगृहाच्या धुतलेल्या चादरी दिल्या. एक बाईंच्या मांडीवर पसरली, एक समोर जमिनीवर. खालून उजेड वर चढला आणि आरशात बघता बघता बाई ओरडल्या, "दिसली! जीभ दिसली! मालूताई, बघा की!" मी वाकून बघितलं. दात, टाळू, जीभ, सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि डाव्या बाजूला आतली गाठही. ती बाईंनाही दिसली असणार. त्यांनी आरसा हलवला नाही.

आण्णांनी हळूच सुचवलं, "डावीकडं जरा अंधार ठेवू या का? म्हंजे गाल तेवढा..."

"आण्णा, मी काय स्थळाला फोटो काढतीय का?"

ओठ फिके दिसत होते. कोंडाबाई म्हणाल्या, पान खा. पानाने दात लाल झाले असते. मग त्यांनीच खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि बोटाने बाईंच्या ओठांना लावलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंचे ओठ रंगले. त्यांनी आरशात एकदा बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. आण्णा उगीचच कॅमेऱ्याची चावी पिळत बसले.

कोणते शब्द, तेही बाईंनी ठरवलं होतं. आधी पाच पोरांची नावं. मग आई, भाकरी, दूध, ताट, झोप आणि 'दुखतंय'. "ह्यो शब्द पाहिजेच," त्या म्हणाल्या. "कुणी नसलं तर काय हुतंय ते सांगता आलं पाहिजे." वर्गात म्हणायच्या तसंच म्हणायचं, घाई नाही, नाटक नाही. प्रत्येक शब्द एकदा, मग पोरांनी म्हणायला जागा सोडायची, मग पुढचा.

आण्णांनी रीळ घातलं. कॅमेरा घरघरायला लागला. बाईंनी कॅमेऱ्याकडे असं बघितलं, जणू तिथे सुलीच बसली आहे. "सुली," त्या म्हणाल्या. थांबल्या. डोळे मोठे करून वाट बघितली. मग हसून मान हलवली. "बाळू." थांबल्या. मान हलवली. चावी संपली की आण्णा पुन्हा पिळायचे, पुन्हा सुरू. 'दुखतंय' म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं; जबडा उघडून उघडून खरंच दुखत असणार. तिथेही थांबल्या आणि मान हलवली. रीळ संपलं.

"झ्याक!" आण्णा म्हणाले. "दर शब्दाच्या शेवटाला मान हलवता न्हवं, ते तर लय झ्याक." मलाही ते छान वाटलं होतं.

रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि बाई मिरजेला गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा पदर डोळ्यांखालून ओढून घेतलेला. डावी बाजू आत गेली होती आणि ओठ डाव्या कानाकडे ओढले गेले होते. ते नीट मिटत नव्हते. ओठ मिटून काढायचे सगळे आवाज हवेत जायचे. मी त्यांच्याशी रोज बोलत असून मला दोन-दोनदा विचारावं लागायचं. मुलांनी त्यांना घेरलं, पदर ओढला. बाईंनी तो घट्ट धरून ठेवला. "सिनेमा येऊ द्या," एवढं मला समजलं.

रीळ आलं. जेवणघराच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर माझी एक चादर ताणली. दुपारची वेळ. पाच मुलं पुढे, बाई मागे यंत्राजवळ. चादरीवर बाईंचं तोंड उमटलं, भिंतीएवढं. मी फोटो पुष्कळ बघितले आहेत, पण इतका सुंदर उजेड एखाद्या तोंडावर पडलेला मी पुन्हा पाहिला नाही. एक सावली नाही. जिभेचं टोक कुठे लागलं तेसुद्धा दिसत होतं.

मुलं उठून उभी राहिली. "सुली," बाई चादरीवर म्हणाल्या, आणि सुलीने आपलं नाव म्हटलं. स्वच्छ. चित्रातल्या बाईंनी मान हलवली. पाचही जणांनी सगळे शब्द म्हटले. आण्णांनी माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. रीळ गुंडाळून पुन्हा लावलं.

दुसऱ्या वेळी सुली शेजारच्या बाळूशी ढकलाढकली करत होती. तिचं नाव आलं, तिचं लक्ष नव्हतं. ती वळून बघते तो बाई हसून मान हलवताहेत. सुली जागच्या जागी थांबली. पुढच्या शब्दाला तिने मुद्दाम तोंड घट्ट मिटून ठेवलं. बाईंनी मान हलवली. त्याच्या पुढच्याला तिने जीभ बाहेर काढली. बाईंनी मान हलवली. बाळूने ते बघितलं आणि गाल फुगवले. मान हलली. मग पाचही जणांनी सुरू केलं. कुणी दात विचकतंय, कुणी डोळे फिरवतंय, कुणी तोंडावर हात ठेवतंय, आणि समोर भिंतीएवढ्या बाई प्रत्येकाला प्रेमाने मान देताहेत. मुलं हसून हसून जमिनीवर लोळायला लागली.

आण्णांनी यंत्र बंद करायला हात पुढे केला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. रीळ संपेपर्यंत त्यांनी सगळं बघितलं.

घोंगड्या काढल्यावर त्या काहीतरी म्हणाल्या. मी दोनदा विचारल्यावर मला त्याचा अर्थ लागला. "खोटी मान."

आण्णा म्हणाले, "कापतो की! मानेचे तुकडे ब्लेडनं कापायचे आन् चिकटपट्टीनं जोडायचं. त्यात काय!" आठवडाभर त्यांनी ते केलं. रात्री डोळे सुजले म्हणून सांगायचे. पण मान कापली की तिच्या आधीचं थांबणंही जायचं. शब्द एकात एक घुसायला लागले, बाईंचं डोकं झटके देत होतं. मुलांनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ती भिंतीकडे पाठ करून यंत्रातून येणाऱ्या झोतात हात घालून सावल्या करत बसली. तोवर पंधरवडा गेला होता आणि सुलीचे निम्मे शब्द गेले होते.

मग बाईंनी पदर खाली घेतला आणि आहे त्या तोंडाने वर्ग सुरू केला.

मुलं घाबरतील असं आम्हाला वाटलं होतं. एकही घाबरलं नाही. सुली त्यांच्या पुढ्यात बसली, वाकडं तोंड तिने दोन-चार दिवस नीट न्याहाळलं, आणि वाचायला लागली. आम्हा कान असलेल्यांना जे कळत नव्हतं, ते तिला दिसत होतं. बाईंचं जेवण सुधारलं. त्या पुन्हा मंडईत जाऊ लागल्या. असे तीन आठवडे गेले असतील.

एका सकाळी चादरी मोजताना एक कमी भरली, म्हणून मी विचारायला वर्गात गेले. बाई आणि सुली आरशासमोर शेजारी शेजारी होत्या. सुलीने 'दूध' म्हटलं. म्हणताना तिचा ओठ डाव्या कानाकडे ओढला गेला. बाई आरशात बघतच राहिल्या. त्यांनी आपल्या पदराचं टोक घेऊन सुलीचा ओठ पुसला, काहीतरी चिकटलं असावं तसा. ओठ सरळ झाला. पुन्हा 'दूध', पुन्हा वाकडा. बाई बाकीच्या चार मुलांना एकेक करून बोलावत गेल्या. बाळूचंही तसंच होत होतं. उरलेल्या तिघांचं थोडं कमी.

बाईंनी त्याच दिवशी वर्ग सोडला. मला म्हणाल्या, आणि हे मला पहिल्या वेळीच समजलं, "आता शिकवलं तर बिघडवीन." ट्रंक भरताना त्यांनी तिन्ही आरसे शाळेला ठेवले. म्हसवडच्या गाडीत त्यांना कोंडाबाईंनी बसवलं.

जूनमध्ये नवी बाई आली. तरुण, शिकलेली, चांगली होती. चार मुलांचं तिने पहिल्यापासून सुरू केलं आणि ती हळूहळू मार्गी लागली. सुली तिच्या तोंडाकडे बघेना. हनुवटी धरून वळवली तर डोळे मिटून घ्यायची. सहामाही गेली तरी तिच्या तोंडून एक शब्द आला नाही. मामाने निरोप धाडला, पोरगी बोलत नसेल तर घरी असू दे, धाकट्या भावाला सांभाळेल. न्यायला कुणी येणार नव्हतं. म्हणून मीच तिला घेऊन निघाले.

साताऱ्याच्या स्टँडवर खंडाळ्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो होतो आणि पलीकडच्या फलाटावर मला घाडगेबाई दिसल्या. खूप वाळल्या होत्या. डॉक्टरला दाखवायला साताऱ्याला आल्या असाव्यात. सुलीनेही बघितलं आणि ती पळत सुटली. मी सामान उचलून मागे.

बाईंनी सुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. एवढं लागलं, "बोलती का?"

मी "नाही" म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? कायमची घरी पोचवायला चालले आहे, तेही सांगितलं.

बाई गाड्यांकडे वळल्या. पुन्हा काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. "काय म्हणालात?" त्या पुन्हा म्हणाल्या. स्टँडवरचा कालवा, भोंगा, आणि ते ओढलेले ओठ. मला काहीच लागेना. मी तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात सुली माझ्या पिशवीकडे गेली, फिरकीचा तांब्या काढला, झाकण फिरवून उघडला आणि बाईंपुढे धरला.

बाईंना पाणी हवं होतं.

त्या प्यायल्या. निम्मं पाणी डावीकडून गळ्यावर सांडलं. त्यांनी ते पुसलं आणि तांब्या सुलीच्या हातात दिला. सुली त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, पुढचं काही येईल म्हणून. त्या तोंडाचं बोलणं न विचारता समजणारं सगळ्या जिल्ह्यात तेवढं एकच माणूस असेल, आणि तिला मी अशा घरी नेत होते जिथे ते तोंड कुणालाच नव्हतं.

म्हसवडची गाडी लागली. बाईंनी पदर पुन्हा डोळ्यांपर्यंत ओढला आणि गर्दीतून वर चढल्या. खिडकीजवळची जागा रिकामी होती, तरी त्या आतल्या बाजूला बसल्या. सुली खिडकीखाली जाऊन, चवड्यांवर उभी राहून वर बघत होती. गाडी मागे घ्यायला लागली तेव्हा मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. आमचीही गाडी लागली होती.